चार वर्षांची कंबरदुखी आणि मोजून केलेले काम

इतरांनाही उत्तराचा उपयोग व्हावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचे वय ५२ असून तुम्ही एका कार्यालयात लिपिक आहात. चार वर्षांपूर्वी पाण्याची कळशी उचलताना कंबरेत उसण भरली. पंधरा दिवसांत बरे वाटेल असे सगळ्यांनी सांगितले, पण दुखणे राहिले ते राहिलेच. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याचे आणि झीज झाल्याचे निघाले. दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितले. तेव्हापासून तुम्ही पट्टा बांधता, वाकणे आणि खाली बसणे टाळता, आठवड्यातून चार-पाच दिवस वेदनाशामक गोळी घेता, आणि एखाद्या दिवशी बरे वाटले की साचलेली सगळी कामे उरकून टाकता. गेल्या दिवाळीआधी एका रविवारी माळा, भांडी आणि पडदे असे सगळे एका दमात उरकले आणि पुढचे चार दिवस तुम्ही अंथरुणाला खिळलात. "हे आता जन्माचेच असेल तर मी विश्रांती घ्यावी की व्यायाम करावा, आणि यंदा गौरींना मला पाटावर बसता येईल का?" असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे वर्षानुवर्षे चाललेले असते. तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुम्हीच सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे: "बरे वाटले की सगळे उरकून टाकते." आज किती काम करायचे हे चार वर्षे तुमची कंबर ठरवत आली आहे. तो अधिकार तिच्याकडून काढून घड्याळाकडे आणि वहीकडे द्यावा, हा माझा सल्ला आहे. तो कसा अमलात आणायचा आणि त्याने फरक का पडतो हे पुढे सविस्तर लिहिते.

त्याआधी, कोणते दुखणे घरी सांभाळू नये ते सांगणे माझे कर्तव्य आहे. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली बाजू आणि बैठकीची जागा बधिर झाली, किंवा चालताना पाऊल लुळे पडू लागले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे. बारीक ताप, कारण नसताना घटणारे वजन, रात्री आडवे झाल्यावरही जराही न हलणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स किंवा नुकतेच पडणे, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि सुरुवातीचे काही महिने तो साध्या कंबरदुखीसारखाच वागतो, म्हणून कोणालाही व्यायाम सांगण्यापूर्वी मी संध्याकाळच्या कणकणीबद्दल विचारल्याशिवाय राहत नाही. तुमच्या पत्रात यातले काही नाही आणि दोन डॉक्टरांनी तुम्हाला तपासले आहे, म्हणूनच पुढचे लिहिते आहे.

आता त्या एमआरआयविषयी. "माझ्या मणक्यात गॅप आहे" हे वाक्य मी आठवड्यातून पाच वेळा तरी ऐकते. गंमत अशी की "गॅप पडली" म्हणणारे आणि "गॅप कमी झाली" म्हणणारे बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या चित्राकडे बोट दाखवत असतात, आणि दोघेही सारखेच घाबरलेले असतात. कंबर कधीच न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांची चित्रे तपासणाऱ्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३,११० माणसे होती. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आढळली, पन्नाशीला हे प्रमाण ८० टक्के होते. चकती फुगण्याचे प्रमाण पन्नाशीला ६० टक्के होते, आणि ही सगळी माणसे न कण्हता हिंडत-फिरत होती. तुमच्या कार्यालयातल्या तुमच्या वयाच्या सहकाऱ्यांचे एमआरआय काढले तर बहुतेकांच्या अहवालात झीज लिहून येईल. याचा अर्थ तुमचे दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. चार वर्षांनंतरचे दुखणे त्या चित्राला पाहून कळत नाही आणि चित्र "सुधारण्याची" वाट पाहत जगण्यात काही हाशील नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

मग चार वर्षे दुखते कशामुळे? वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली आणि २०२० साली सुधारलेली व्याख्या वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव म्हणते. हा अनुभव शरीराला इजा झाल्याने येतो, होऊ घातल्याने येतो, किंवा तशी इजा झाल्यासारखा येतो. या "झाल्यासारखा" शब्दात दीर्घकाळच्या दुखण्याचे मर्म आहे. ताजी जखम बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात मात्र मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यातली संदेशांची देवाणघेवाण अनेकदा बदललेली असते; तेथील पेशी पूर्वी जेवढ्या संदेशाला गप्प बसत तेवढ्यालाच आता मोठ्याने ओरडतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी तुमची मज्जासंस्था चार वर्षे ताक फुंकते आहे. ही फुंकर तुम्ही मुद्दाम घालत नाही आणि ती इच्छाशक्तीने थांबत नाही. कितीतरी वेळा निवांत ताक प्यायला मिळाले आणि काही पोळले नाही, की ती हळूहळू कमी होते.

शेक आणि तेल यांचा उपयोग होतो का, असेही तुम्ही विचारले आहे. होतो, आणि त्यामागे कारणही आहे. पडलेल्या मुलाचा गुडघा आई आपोआप चोळू लागते. मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली मांडले की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतल्या एका दारापाशी वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या तरी गाभा टिकला आहे. म्हणून पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यावर, किंवा कोमट तिळाच्या तेलाने हलके चोळल्यावर बरे वाटते, आणि तासा-दोन तासांत ते दार पुन्हा उघडते म्हणून पुन्हा दुखते. शेक हा काम सुरू करण्यापूर्वीचा आधार म्हणून वापरा. कामाऐवजी वापरू नका. पिशवी थेट कातडीवर ठेवू नका आणि ती घेऊन झोपू नका, कारण भाजून आलेल्या पाठी मी अनेक पाहिल्या आहेत. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी तर विशेष जपावे.

येथे थोडे विषयांतर करते. दुखण्याच्या बाबतीत मराठी ही मोठी नेमकी भाषा आहे. ठणका, कळ, चमक, सणक, रग, सल, ठसठस, आग आणि मुंग्या हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत, आणि "दहापैकी किती दुखते?" या प्रश्नापेक्षा रुग्णाने वापरलेला शब्द मला जास्त सांगतो. तुम्ही लिहिले आहे की दिवसभर रग असते आणि वाकताना चमक येते. पायात खाली उतरणारी आग, मुंग्या किंवा विजेसारखी सणक असती तर मज्जातंतूचा विचार वेगळा करावा लागला असता. तुम्ही वहीत रोज आकडा लिहिता तो बंद करा. दिवसातून सहा वेळा कंबरेला "किती?" असे विचारले तर ती सहा वेळा उत्तर देणारच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमच्या पत्रातली सर्वांत तपशीलवार तक्रार पोळ्यांची आहे, म्हणून तेच उदाहरण घेते. तीन साध्या दिवशी, म्हणजे फार बरेही नाही आणि फार वाईटही नाही अशा दिवशी, कंबरेचे दुखणे स्पष्टपणे वाढू लागेपर्यंत किती पोळ्या लाटून होतात ते मोजा. समजा पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी ६ आणि तिसऱ्या दिवशी १२ झाल्या. सरासरी ९ येते. तिच्यातला पाचवा हिस्सा वजा केला की ७ उरतात. हा तुमचा आजचा हप्ता. सात पोळ्या झाल्या की, कंबर काहीही म्हणत असली तरी, गॅस बंद करून ओट्यापासून बाजूला व्हायचे, तीन मिनिटे घरात चालायचे, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे, आणि मग पुढच्या सात. दर आठवड्याला एक पोळी वाढवायची. दुखले नाही म्हणून दोन वाढवायच्या नाहीत, आणि दुखले म्हणून एकदम शून्यावर यायचे नाही.

हे वाचायला सोपे आहे आणि करायला अतिशय कंटाळवाणे आहे. वाईट दिवशी ठरलेले काम करणे लोकांना जमते. बरे वाटत असताना सातव्या पोळीला थांबणे जमत नाही. कणीक मळून तयार असते, तवा तापलेला असतो, घरातले जेवायला बसलेले असतात, आणि आज तर काही दुखतही नसते. नेमकी हीच वेळ धोक्याची असते, कारण चिडलेल्या मज्जासंस्थेचा हिशेब उधारीचा असतो: आज केलेल्या कामाचे बिल ती उद्या किंवा परवा पाठवते. आज न दुखणे हा आज जास्त काम करण्याचा परवाना धरला, की दिवाळीच्या त्या रविवारसारखे होते. मग चार दिवस पडून राहिल्याने स्नायूंची ताकद थोडी घटते, पुढच्या वेळी थोड्याच कामाने दुखते, आणि चार वर्षांनी मागे वळून पाहिले तर माणूस पुष्कळ कामे सोडून बसलेला असतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी याची नोंद ठेवण्याची फार छान पद्धत काढली होती. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत त्या दुधाचा हिशेब लिहीत असत: दीड लिटर, एक लिटर, खाडा. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात त्यांनी ठरलेला हप्ता पाळला की हिरवा ठिपका आणि ओलांडला की लाल गोल काढायला सुरुवात केली, आणि आडवे पडावे लागले त्या दिवशी चौकटीवर तिरकी रेघ मारली. दोन महिन्यांनी त्यांनी ती पाने माझ्यासमोर पसरली. लाल गोल जवळजवळ सगळे रविवारी, संकष्टीला आणि पाहुणे आले त्या दिवशी होते, आणि तिरकी रेघ प्रत्येक वेळी त्याच्यापुढे एक-दोन चौकटींवर होती. "म्हणजे माझी कंबर सोमवारी दुखत नाही, ती रविवारची दुखते," असे त्या म्हणाल्या. एवढे स्पष्ट मला इतक्या वर्षांत कुणाला समजावून सांगता आले नव्हते. तुम्हीही वेगळी वही घालू नका, दुधाच्या हिशेबाशेजारी ठिपका काढा.

हीच पद्धत कार्यालयातल्या खुर्चीला लावायची. तीन दिवस बसण्याची मिनिटे मोजली आणि ती ४०, २५ आणि ३५ आली, तर सरासरी साधारण ३३ येते; पाचवा हिस्सा वजा करून २६-२७ उरतात, सोयीसाठी हप्ता २५ मिनिटांचा धरा. मोबाइलवर गजर लावा, तो वाजला की उठून पाण्याची बाटली भरून आणा किंवा एखादी फाइल स्वतः नेऊन द्या. वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. दर पंचवीस मिनिटांनी उठणाऱ्या माणसाकडे लोक पाहतात, आणि त्या पाहण्याला घाबरून दोन तास एका जागी बसणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. "योग्य" बसण्याची पद्धत शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. ताठ बसून दोन तास काढण्यापेक्षा वाकडेतिकडे बसून दर अर्ध्या तासाने उठणे कंबरेला मानवते.

मोजून काम केल्याने दुखणे नाहीसे होईल असा माझा दावा नाही. अंथरुणातले दिवस कमी होतात, ठरवलेले कार्यक्रम पार पडतात, आणि मग हळूहळू व्यायामाला जागा मिळते. दुखणे अनेकांचे उतरते, पण ते सगळ्यात शेवटी उतरते, आणि काहींचे फारसे उतरत नाही. तरी ती माणसे पूर्वीपेक्षा बरीच जास्त कामे करत असतात.

पट्टा आणि वाकणे यांबद्दल लिहिण्याआधी एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थांना "यापुढे वाकायचे नाही" असे ठामपणे सांगितले होते. तेव्हा आम्हाला तसेच शिकवले जात असे. आठ वर्षांनी ते दुसऱ्याच तक्रारीसाठी आले तेव्हा त्यांनी खुर्चीजवळ पडलेला रुमाल पायाच्या बोटांनी उचलला. त्यांची कंबर बरी होऊन बहुधा कितीतरी वर्षे झाली होती, पण माझे वाक्य त्यांनी इमानाने पाळले होते, आणि गवंडीकाम सोडून ते रात्रपाळीचे पहारेकरी झाले होते. तेव्हापासून मी "कधीच" हा शब्द वापरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात रुग्णाला नीट माहिती देणे, व्यायाम, मानसशास्त्रीय उपचार आणि मसाजसारखे काही भौतिक उपचार यांची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूवर्गीय औषधे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे त्यात म्हटले आहे. तुमचा पट्टा एका दिवसात काढून फेकू नका. चार वर्षांची सवय आहे, म्हणून आधी घरात सकाळी एक तास काढा, आठवड्याने दोन तास, मग संपूर्ण घरात, आणि सर्वांत शेवटी प्रवासात.

वाकण्याचा सराव स्वयंपाकघरातच करता येईल. डाळींचे सगळे डबे तुम्ही वरच्या फळीवर हलवले आहेत असे लिहिले आहे. पहिला आठवडा खुर्चीवर बसून हात नडगीपर्यंत न्यायचे, दहा वेळा, श्वास न रोखता. दुसऱ्या आठवड्यात उभे राहून, गुडघे थोडे सैल सोडून, हात गुडघ्यांच्या खाली. तिसऱ्या आठवड्यात एक किलो तूरडाळीचा डबा पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवायचा आणि रोजच्या वरणासाठी तिथून काढायचा. मग दर आठवड्याला एक डबा खाली. वाकताना थोडी रग लागली तर ती इजेची खूण समजू नका. दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आले तर मात्रा बरोबर आहे. आले नाही तर तीच मात्रा आणखी एक आठवडा ठेवा.

व्यायाम कोणता करावा, यावर लोक माझ्याशी तासन् तास वाद घालू शकतात: पोहणे की योगासने, पिलाटीस की सूर्यनमस्कार. माझे मत असे की तुमच्या वेळात, तुमच्या रस्त्यावर आणि तुमच्या कपड्यांत जो रोज होईल तो करावा. चालण्याबद्दल अलीकडे चांगला पुरावा आला आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेली एक चाचणी २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ही माणसे कंबरदुखीतून नुकतीच बरी झालेली होती. ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम आणि दुखण्याविषयी माहिती दिली, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचे दुखणे पुन्हा उलटायला २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यातल्या निम्म्यांचे ११२ दिवसांतच उलटले. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत सहा महिन्यांत पोहोचावे, असे तिथे ध्येय होते. तुमचे दुखणे सततचे असल्याने हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण वेग किती सबुरीचा होता ते लक्षात घ्या. तुमचा हप्ता आठ मिनिटांचा आला तर आठ मिनिटांनीच सुरुवात करा. शेजारीण पाऊण तास चालते, तिच्याबरोबर तूर्त जाऊ नका.

गोळ्यांबाबत मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवून वाचा. तुम्ही ज्या गोळीचा उल्लेख केला आहे तिच्यात डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत, आणि तुम्ही रक्तदाबाचीही गोळी घेता. डायक्लोफिनॅकच्या वर्गातली औषधे रोजच्या रोज घेतली तर जठराला व्रण, मूत्रपिंडाला इजा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो; ती रक्तदाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. सोबत पित्ताची गोळी घेतल्याने फक्त जठर काहीसे सुरक्षित राहते, मूत्रपिंड नाही. तेव्हा औषधाच्या दुकानातून पाकीट आणण्याऐवजी ज्या डॉक्टरांकडे रक्तदाब दाखवता त्यांनाच ही गोळी दाखवा, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या, आणि "दुखले की गोळी" याऐवजी "अमुक प्रसंगी, इतकेच दिवस" असे लिहून घ्या. प्रीगॅबालिन किंवा ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची जास्त जोरकस औषधे कोणी चालू केली असतील तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याचा त्रास होतो. पुड्यांतून मिळणारे, नाव नसलेले आणि दोन दिवसांत चमत्कार करणारे औषध मात्र घेऊच नका. असल्या पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याचे अनुभव आमच्या क्षेत्रात सगळ्यांना आहेत, आणि त्याने हाडे ठिसूळ होतात.

झोप आणि मन यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: "लोक म्हणतात मनाचे खेळ आहेत." लोकांना तसे म्हणू द्या. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी दुखणे चढते, हे तुम्हीच तुमच्या वहीत नोंदवले आहे. दुपारी तास-दीड तास झोपू नका, सकाळी ठरलेल्या वेळी उठण्याचा गजर सुटीच्या दिवशीही लावा, आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. मानसशास्त्रीय उपचार या दुखण्यावर खरोखर लागू पडतात.

घरच्यांविषयी मात्र जरा सविस्तर लिहिते. तुमचा मुलगा तुम्हाला तांब्यासुद्धा उचलू देत नाही आणि यजमान सकाळी उठल्याबरोबर "आज कंबर कशी आहे?" असे विचारतात. यात माया आहे, पण त्यामुळे दिवसाचा पहिला शब्दच कंबर होतो. त्यांना हे उत्तर वाचायला द्या आणि दोन विनंत्या करा. एक, सकाळी कंबरेची चौकशी न करता "आजचा हप्ता किती?" असे विचारायचे. दोन, मदत तुम्ही मागाल तेव्हा आणि मागाल तेवढीच करायची. सात पोळ्यांनंतर उरलेल्या पोळ्या मुलाने लाटल्या तर उत्तम. पण पहिल्या सात त्याने तुमच्या हातून काढून घेऊ नयेत. आपल्याकडे आजारी माणसाला "तू बस" म्हणणे हे प्रेमाचे सर्वोच्च रूप समजले जाते, आणि बसून बसूनच आमचे निम्मे रुग्ण तयार होतात.

एवढे करूनही दुखणे मधूनच उसळेल. पावसाळ्यात, लग्नघरातून आल्यावर, किंवा काहीच कारण नसताना उसळेल. त्यासाठीचा कागद आज, डोके शांत असताना, लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर असे लिहा: पहिले दोन दिवस सगळे हप्ते निम्मे, शून्य नाही, दिवसातून तीन वेळा शेक, जमिनीवर किंवा पलंगावर पाठ टेकून आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवून दहा मिनिटे पडणे, जागे असताना दर तासाला घरातल्या घरात एक फेरी, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी ठरवून दिलेल्या दिवसांपुरती, तिसऱ्या दिवशी हप्ता पाऊणपट, आणि आठवड्याभरात पूर्ववत. खाली, लाल शाईने, मी सुरुवातीला लिहिलेली धोक्याची लक्षणे. ती नसतील तर उसळलेल्या आठवड्यात नवा एमआरआय, नवा मालीशवाला आणि नवा पट्टा यांपैकी काहीही घरात आणायचे नाही.

राहिला पाटाचा प्रश्न. आता ज्येष्ठ चालू आहे, म्हणजे गौरींना जवळजवळ तीन महिने आहेत आणि तेवढा वेळ पुरेसा आहे. पहिले दोन आठवडे भिंतीला पाठ लावून चौरंगावर बसा, तीन मिनिटे, दिवसातून दोनदा. मग एकावर एक दोन पाट ठेवून, मग एकाच पाटावर, आणि शेवटच्या महिन्यात भिंतीशिवाय. वेळ दर आठवड्याला दीड-दोन मिनिटांनीच वाढवा. उठताना आधी एका गुडघ्यावर यायचे, हात चौरंगावर टेकायचा आणि मग उभे राहायचे. हे उठणे बसण्याइतकेच घोटून घ्या, कारण बहुतेकांना खरी भीती उठण्याचीच असते. या हिशेबाने भाद्रपदात तुम्ही सलग वीस मिनिटांच्या आसपास बसू शकाल असे मला वाटते. पूजा पाऊण तासाची असेल तर मध्ये एकदा उठून आरतीचे ताट आणायचे काम स्वतःकडे घ्या. आणि नैवेद्याच्या सोळा भाज्या त्या दिवशी सकाळी एकटीने निवडायला बसू नका. जेवढ्या हप्त्यात बसतात तेवढ्या आदल्या संध्याकाळी निवडा, बाकीच्या जावेकडे द्या, आणि चौकटीत ठिपका काढायला विसरू नका.